पगार कापणारा साहेब आणि यामाउचींची तिजोरी

खर्डेघाशा

गेमिंग कंपन्यांत नोकरकपात झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर आणि लिंक्डइनवर एक फोटो हमखास फिरायला लागतो. चष्मा, मधोमध भांग, हसरा चेहरा. खाली लिहिलेलं असतं की कंपनी तोट्यात गेली तेव्हा या माणसाने एकालाही घरी पाठवलं नाही, स्वतःचा पगार निम्मा केला. फोटो निंटेंडो या जपानी गेम कंपनीचे दिवंगत अध्यक्ष सातोरू इवाता यांचा. गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे, पण अर्धीच सांगितली जाते. उरलेली अर्धी ताळेबंदात आहे आणि ती कुणी फॉरवर्ड करत नाही. म्हणून हा धागा.

आधी माणूस. इवाता मुळात प्रोग्रॅमर. जन्म १९५९, साप्पोरोचे. हॅल लॅबोरेटरी नावाच्या छोट्या कंपनीत कॉलेजात असल्यापासून कोड लिहीत होते. १९९२ च्या सुमारास हॅल बुडायला आली. निंटेंडोने हात दिला, पण निंटेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी अट घातली की इवाताला अध्यक्ष करा. झालं! १९९३ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, १५० कोटी येनांच्या कर्जासकट कंपनी गळ्यात पडली. त्यांनी एकेका कर्मचाऱ्याला समोर बसवून विचारायला सुरुवात केली: तू नेमकं काय करतोस, तुझं कुठे अडतंय? पुढच्या सहा-सात वर्षांत कर्ज फिटलं.

२००० मध्ये ते निंटेंडोत आले आणि मे २००२ मध्ये अध्यक्ष झाले. १८८९ पासून क्योटोत हानाफुदा पत्ते छापत आलेल्या या कंपनीत यामाउची घराण्याबाहेरचे पहिलेच. हिरोशी यामाउचींनी १९४९ पासून सलग ५३ वर्षं गादी सांभाळली होती. अमेरिकेतली शाखा उभी करणारा जावई, मिनोरू अराकावा, घरातच होता. तरी खुर्ची गेली एका प्रोग्रॅमरकडे. आपल्याकडच्या कौटुंबिक कंपन्या पाहिलेल्यांनी या वाक्यावर जरा थांबावं.

पुढचा काळ सोन्याचा. हातात धरून खेळायचा निंटेंडो डीएस (२००४) १५ कोटींवर खपला, टीव्हीला जोडायचा वी (२००६) १० कोटींवर. मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात विक्री १ लाख ८३ हजार कोटी येन आणि त्यावर परिचालन नफा, म्हणजे मूळ धंद्यातला नफा, ५५ हजार कोटी. विक्रीच्या ३० टक्के! खेळणी विकून!

मग स्मार्टफोन आले. फेब्रुवारी २०११ मध्ये डीएसचा वारस ३डीएस जपानात २५ हजार येनांना बाजारात आला. एप्रिल ते जून या तिमाहीत जगभरात मिळून जेमतेम ७ लाख १० हजार गेले. २८ जुलैला इवातांनी जाहीर केलं की ११ ऑगस्टपासून किंमत १५ हजार येन. बाजारात येऊन सहा महिने झाले नाहीत तोवर ४० टक्के कपात, म्हणजे प्रत्येक नग उत्पादनखर्चापेक्षा कमी भावात. ज्यांनी आधी पूर्ण पैसे मोजले होते ते भडकणारच, म्हणून त्यांना जुने २० गेम फुकट दिले. त्याच वेळी अध्यक्षांचा पगार निम्मा आणि बाकी संचालकांचा २० ते ३० टक्के कमी. मार्च २०१२ च्या वर्षात निव्वळ तोटा ४,३२० कोटी येन.

दुसरी कपात जानेवारी २०१४ मध्ये. वीचा वारस वी यू त्या आर्थिक वर्षात ९० लाख खपेल असा अंदाज दिला होता, तो एका दमात २८ लाखांवर आणला. इवातांचा पगार पाच महिने निम्मा, मियामोतो आणि ताकेदा या ज्येष्ठ संचालकांचा ३० टक्के कमी, इतर संचालकांचा २० टक्के.

आता मुद्द्याचं. अध्यक्षाचा निम्मा पगार कापून ४,३२० कोटींच्या खड्ड्यात मूठभर मातीही पडत नाही. ती कपात गुंतवणूकदारांना आणि कर्मचाऱ्यांना दिलेला इशारा होता की चूक कुणाची आहे ते आम्हाला कळतं. त्याचं मोल आहेच. पण नोकऱ्या वाचल्या त्या दुसऱ्याच कशाने तरी. मार्च २०१२, १३ आणि १४ अशी तिन्ही वर्षं परिचालन तोटा: ३,७३० कोटी, ३,६४० कोटी आणि ४,६४० कोटी. बेरीज साधारण १२ हजार कोटी. मार्च २०१२ ला निंटेंडोची निव्वळ मालमत्ता (सगळी देणी वजा जाता उरणारी) होती १ लाख १९ हजार कोटी येन, डोक्यावर बँकेचं कर्ज नाही. म्हणजे तीन वर्षं सलग मार खाऊनही तिजोरीचा दहावा हिस्सा गेला. कर्जावर चालणाऱ्या कंपनीत यांच्याहून दुप्पट भला माणूस बसवला असता तरी पहिल्याच वर्षी बँकेने काढायच्या माणसांची यादी मागितली असती.

जून २०१३ च्या भागधारकांच्या सभेत इवातांना थेट विचारलंही होतं की माणसं का कमी करत नाही? त्यांचं म्हणणं होतं की अल्पकाळासाठी आकडे बरे दिसतील, पण नोकरीच्या धास्तीत बसलेला माणूस जगाला चकित करणारा गेम बनवू शकेल असं वाटत नाही. उत्तर सुंदर आहे. पण ते देण्याची ऐपत यामाउचींनी ५३ वर्षं साठवून ठेवली होती.

---

रानमेवा

मस्त लेख. अवांतर: आमच्या पिढीने मारिओ खेळला तो टीव्हीला जोडायच्या त्या पिवळ्या-काळ्या डब्यावर, '९९९९ इन १' वाल्या कॅसेटवर. त्यातले पाच-सहाच गेम खरे, बाकी तेच पुन्हा. निंटेंडोच्या खात्यात आमच्या इचलकरंजीकडून एक छदामही गेला नसेल. तरी यामाउची साठवत राहिले म्हणजे कमालच!

---

सीए_कुलकर्ण्यांचा

आकडे बरोबर मांडलेत, पण एक पात्र राहिलं: येन.

निंटेंडोची तीन चतुर्थांश विक्री जपानबाहेर, आणि तिजोरीतला बराच पैसाही डॉलर-युरोत पडून. समजा कंपनीकडे १० कोटी डॉलर आहेत. २००७ मध्ये डॉलर १२० येनांच्या आसपास होता, तेव्हा ते १,२०० कोटी येन. २०११ मध्ये डॉलर ८० च्या खाली गेला. तेच १० कोटी डॉलर आता ८०० कोटी येनसुद्धा भरत नाहीत. कुणी काही विकलं नाही, कुणी चोरलं नाही, तरी वहीत ४०० कोटींची खोट. वर प्रत्येक ३डीएसच्या डॉलरमधल्या किमतीचेही येन कमी मिळणार.

गंमत पुढच्या वर्षी. २०१२ च्या अखेरीला येन घसरायला लागला. मार्च २०१३ च्या वर्षात परिचालन तोटा ३,६४० कोटी, म्हणजे धंदा आदल्या वर्षाइतकाच वाईट. पण विनिमय दराने जवळपास चार हजार कोटींचा हात दिला आणि निव्वळ नफा ७१० कोटी! बातम्यांत 'निंटेंडो पुन्हा नफ्यात'. त्या वर्षी कुठलाही तीर मारला नव्हता. कंपनी बघायची तर परिचालन ओळ बघा, तळाची निव्वळ नफ्याची ओळ नंतर.

---

कंटाळलेला_कोडर

इवाता-भक्तांची माफी मागून थोडं पाणी ओततो.

एक, जपानात कायम कामगाराला काढणं कायद्याने आणि कोर्टाच्या निकालांनी फार अवघड करून ठेवलंय. आधी इतर सगळे उपाय करून पाहिले हे दाखवावं लागतं, आणि साहेबांची पगारकपात हा त्यातला ओळखीचा उपाय. जपानी साहेबाने पगार कापला की आपण हरखून जातो, तिथे तो रिवाज आहे.

दोन, 'एकालाही काढलं नाही' हे खरं नाही. जून २०१४ मध्ये युरोपात फेररचना झाली. सुमारे १३० कायम जागा गेल्या, जर्मनीतल्या केंद्रातली कंत्राटी माणसं वेगळी. तेव्हा अध्यक्ष इवाताच होते.

तीन, अमेरिकेत गेम तपासणारे टेस्टर एजन्सीमार्फत. ते 'कर्मचारी' धरलेच जात नाहीत, त्यामुळे ते गेले तर कपात झाली असं कुणी म्हणत नाही. २०२२ मध्ये तिथल्या कामगार मंडळाकडे तक्रारी जाऊ लागल्या तेव्हा बाहेरच्यांना हे कळलं.

---

खर्डेघाशा

@कोडर, युरोपचा मुद्दा मान्य, आणि तो फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. पण त्या कपातीकडे जरा बारकाईने बघा. ती बहुतांशी वितरण, भाषांतर, तपासणी अशा बाजूंची होती. क्योटोतल्या गेम बनवणाऱ्या गटांना हात लावला नाही. म्हणजे 'माणसं काढणार नाही' हे सरसकट वचन नव्हतंच. ज्यांच्या हातातलं कसब परत विकत मिळत नाही त्यांना जपायचं, हा हिशेब होता. संतत्व कमी होतं, धोरण म्हणून जास्त पटतं.

कायद्याबद्दल: त्याच काळात सोनी, पॅनासॉनिक, शार्प यांनी जपानातच स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली हजारोंना घरी पाठवलं. कायदा सगळ्यांना एकच होता.

---

पिक्सेलवाली

मी पुण्यात याच धंद्यात आहे, थ्रीडी आर्टिस्ट. आधीच्या कंपनीचं नाव घेत नाही. बाहेरच्या मोठ्या स्टुडिओंचं काम आमच्याकडे यायचं: झाडं, बॅरल, दगड, कधी नशीब असेल तर एखादं पात्र. एका सोमवारी ग्राहकाने प्रोजेक्ट गुंडाळलं आणि शुक्रवारपर्यंत आमच्या रांगेतल्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. आमच्या साहेबांचा पगार कापला की नाही माहीत नाही, नवी गाडी मात्र त्याच दिवाळीत आली.

सांगायचंय ते वेगळं. पुण्या-मुंबईत खऱ्या अर्थाने मोठा गेम पहिल्यापासून करायला मिळाला तो युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीमुळे. प्रिन्स ऑफ पर्शिया या जुन्या गेमचा रिमेक, सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला, पुणे आणि मुंबई स्टुडिओंचं काम म्हणून. पहिला ट्रेलर आला आणि चेहरे, उजेड यांवरून जगभर टिंगल झाली. मे २०२२ मध्ये काम काढून कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे नेलं. तेव्हा आमच्याकडे सगळे 'भारतीयांना जमत नाही' यावर भांडत होते. पहिल्याच मोठ्या कामाला किती वेळ, किती अनुभवी लीड आणि किती बजेट दिलं होतं, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. तो निर्णय आर्टिस्ट घेत नाही ना! तो वरच्या मजल्यावर होतो.

---

सीए_कुलकर्ण्यांचा

ताई, युबिसॉफ्टचं नाव काढलंत ते बरं झालं. या धाग्याला उलटं उदाहरण तेच हवं होतं.

एखादा गेम पाच वर्षं बनतोय, दरवर्षी दोन कोटी युरो जातात. युबिसॉफ्ट हा खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून वजा न करता 'तयार होत असलेली मालमत्ता' म्हणून ताळेबंदावर चढवते आणि गेम बाजारात आला की मग हळूहळू उतरवते. आंतरराष्ट्रीय लेखापद्धतीत हे पूर्णपणे कायदेशीर आहे. पण त्यामुळे पाच वर्षं नफा गोमटा दिसतो आणि गेम रद्द झाला तर १० कोटी एकाच दिवशी अंगावर येतात.

जानेवारी २०२३ मध्ये नेमकं तेच झालं. न जाहीर केलेले तीन गेम रद्द, त्याआधीच्या जुलैत चार रद्द झालेले, आणि साचलेल्या विकासखर्चापैकी सुमारे ५० कोटी युरो एका फटक्यात उतरवावे लागले. त्या वर्षी परिचालन तोटाही ५० कोटी युरोंच्याच घरात. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने ते पैसे केव्हाच खर्च झाले होते. भागधारकांना ते त्या दिवशी दिसले.

निंटेंडो जपानी पद्धतीने हिशेब लिहिते. तिथे गेमची पहिली पक्की प्रत तयार होईपर्यंतचा खर्च संशोधन-विकास म्हणून त्या-त्या वर्षीच नफ्यातून जातो. वर्ष वाईट असेल तर वाईटच दिसतं. ही शिस्त वरून लादलेली आहे, पण तिचा उपयोग असा की अध्यक्षाला दुखणं लवकर कळतं.

---

कंटाळलेला_कोडर

आणि त्याच जानेवारीत त्यांचे सीईओ ईव्ह गियमो यांनी कर्मचाऱ्यांना मेल केली होती. आशय असा की खर्च जपून करा, गेम वेळेत द्या, आता चेंडू तुमच्या कोर्टात आहे. फ्रान्समध्ये युनियनने संपाची हाक दिली, मग साहेबांनी सारवासारव केली. पगारकपातीचा आणि या मेलचा फरक मी इवाता-भक्त नसूनही मान्य करतो.

---

आबा_नाशिककर

मी शेअरबाजारातला म्हातारा माणूस, गेममधलं काही कळत नाही. नातवंडं खेळतात तेवढंच. पण तुम्ही सगळे तिजोरीचं कौतुक करताय म्हणून विचारतो: भागधारकाचा पैसा असा लाख कोटींनी निजवून ठेवणं हे चांगलं व्यवस्थापन कसं? मला लाभांश द्या, मी बघतो त्याचं काय करायचं ते. कंपनीने बँकेत ठेव ठेवायची तर मी ती माझ्या नावाने का ठेवू नये? भारतात कुणी असं केलं की आपण 'आळशी ताळेबंद' म्हणतो.

---

खर्डेघाशा

आबा, हा प्रश्न इवातांना दरवर्षी यायचा. माझं मत सांगतो.

सिमेंट कंपनीने एवढी रोकड ठेवली तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण कन्सोलचा, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांचा, धंदा पाच-सहा वर्षांतून एकदा सगळं पणाला लावतो. नवं यंत्र आपटलं तर त्याचे गेमही आपटतात आणि पुढचं यंत्र तयार व्हायला चार वर्षं लागतात. वी यू शेवटपर्यंत दीड कोटीही खपला नाही, १ कोटी ३५ लाखांवर थांबला. त्या चार वर्षांचा पगार देणारं कर्ज कुठली बँक देते? निंटेंडोची जुनी प्रतिस्पर्धी सेगा, तिच्याकडे ती उशी नव्हती. तिचा ड्रीमकास्ट कन्सोल पडला आणि २००१ मध्ये यंत्रं बनवणं कायमचं बंद करावं लागलं.

शिवाय भागधारकांना अगदीच उपाशी ठेवलं नाही. इवातांच्या काळात लाभांशाचं सूत्र ठरलेलं होतं: परिचालन नफ्याचा एक तृतीयांश किंवा निव्वळ नफ्याचा निम्मा, जे जास्त असेल ते. नफा फुगला की लाभांश फुगतो, नफा आटला की आटतो. स्थिर लाभांशाचं वचन देऊन वाईट वर्षी तो भागवायला माणसं काढायची पाळी येत नाही. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत कमी चर्चिलेला आणि सर्वांत हुशार भाग वाटतो.

उलट्या टोकाला अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही अमेरिकन गेम कंपनी. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की २०१८ चा महसूल आजवरचा विक्रमी, ७५० कोटी डॉलर, आणि त्याच दिवशी ८ टक्के कर्मचारी कमी. लाभांश मात्र वाढवला. आबा, तुम्ही भागधारक असता तर खूश झाला असता.

---

आबा_नाशिककर

झालो असतो, त्यात लाजायचं काय! पण सूत्राचं पटलं. आमच्या इथल्या साखर कारखान्यांना कुणीतरी सांगा.

---

मधली_सुट्टी

एक शंका. निंटेंडोला हे जमलं कारण वर मालक भक्कम होता असं नाही का? युबिसॉफ्टही घरचीच कंपनी ना, पाच भावांची?

---

खर्डेघाशा

चांगला प्रश्न. यामाउचींकडे पायउतार झाल्यावरही साधारण दहावा हिस्सा होता, म्हणून इवातांच्या पाठीवर कुणाचातरी हात होता. सप्टेंबर २०१३ मध्ये ते वारले. वारसांना शेअर विकायचे होते आणि बाहेरचा कुणी लांडगा आत शिरू शकला असता. २०१४ च्या सुरुवातीला निंटेंडोने ११ हजार कोटी येनांहून जास्त मोजून शेअर स्वतःच परत घेतले. तेसुद्धा तोट्याच्या वर्षात, वी यू आपटलेला असताना. पुन्हा तीच तिजोरी.

युबिसॉफ्टच्या गियमो बंधूंकडे कंपनीची सूत्रं होती, तिजोरी नव्हती. २०१५ पासून व्हिवेंडी या फ्रेंच माध्यम कंपनीने युबिसॉफ्टचे शेअर गोळा करायला घेतले. २०१६ मध्ये त्याच भावांची मोबाइल गेमची कंपनी गेमलॉफ्ट गिळली. युबिसॉफ्ट वाचवायला २०१८ मध्ये चीनची टेन्सेंट, एक कॅनडियन पेन्शन फंड आणि कंपनीचा स्वतःचा पैसा असं सगळं लावावं लागलं. त्या वर्षी शेअर १०० युरोंच्या वर गेला, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे स्टुडिओ वाढत गेले, माणसं २० हजारांवर गेली, गेम लांबत गेले. २०२४ संपताना शेअर १२-१३ युरोंवर. मार्च २०२५ मध्ये असॅसिन्स क्रीड या गेममालिकेसारखी हुकमाची पानं एका उपकंपनीत घालून तिचा पाव हिस्सा टेन्सेंटला ११६ कोटी युरोंना देण्याचं ठरलं. बाहेरचा आत शिरेल या ज्या भीतीने व्हिवेंडीला अडवलं तीच गोष्ट हप्त्याहप्त्याने झाली, असं मला वाटतं. कुणाचं वेगळं मत असेल तर जरूर लिहा.

---

रानमेवा

मग निंटेंडो वर आली कशी ते सांगा की! पगार कापून आणि ठेवी मोडून तर स्विच बनत नाही.

---

खर्डेघाशा

खरंय. तो निर्णय पगारकपातीइतका गाजला नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये इवातांनी हातात धरायच्या यंत्रांचा आणि घरच्या यंत्रांचा असे दोन वेगळे विभाग एकत्र केले. दोन यंत्रं, दोन कारागीर गट, प्रत्येक गेम दोनदा करायचा, हे परवडणारं नव्हतं. चार वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये, त्यातून टीव्हीलाही लागणारा आणि पिशवीतही मावणारा स्विच आला आणि १५ कोटींच्या पलीकडे खपला. इवातांनी तो पाहिला नाही. ११ जुलै २०१५ ला पित्तनलिकेच्या आजाराने ते गेले, वय ५५.

त्यांच्या जागी आले तात्सुमी किमिशिमा, सान्वा बँकेत २७ वर्षं काढून आलेले गृहस्थ. गेमर मंडळींनी नाकं मुरडली, बँकवाला काय करणार म्हणून. बँकवाल्याने काय केलं, तर चालू असलेलं काम मोडलं नाही. स्विच २०१६ च्या दिवाळी-नाताळात घाईने बाजारात न आणता मार्चपर्यंत थांबला. २०१८ मध्ये शुन्तारो फुरुकावा, तेही हिशेबखात्यात वाढलेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये जपानातल्या कर्मचाऱ्यांचं मूळ वेतन १० टक्के वाढवलं, विक्रीचा अंदाज खाली आणला त्याच दिवशी.

---

कंटाळलेला_कोडर

जपानातल्या. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतले शंभराहून जास्त कंत्राटी टेस्टर गेले, तेव्हा तिजोरी भरलेलीच होती. त्याचं उत्तर तुमच्या ताळेबंदात कुठल्या ओळीवर आहे?

---

खर्डेघाशा

कुठल्याच नाही. एजन्सीचं बिल खर्चात मिसळून जातं, त्यामागची माणसं वेगळी दिसत नाहीत. यावर @पिक्सेलवाली यांनी वेगळा धागा काढावा, मी आकडे पुरवतो.

---

पिक्सेलवाली

काढते. आधी हा आठवडा संपू दे, शुक्रवारी डिलिव्हरी आहे.